संगणक तोच, प्रणाली नवी
विंडोजकडून लिनक्सकडे वळताना करावयाची पूर्वतयारी

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले. २०१५ च्या जुलैमध्ये आलेली ही प्रणाली दहा वर्षे घरोघरी, शाळांतून आणि कार्यालयांतून वापरली गेली होती. साहाय्य थांबले म्हणजे संगणक त्या दिवशी बंद पडले, असे नव्हे. ते पूर्वीप्रमाणेच सुरू होतात, पत्रे लिहितात, हिशेब करतात. मात्र प्रणालीत नव्याने आढळणाऱ्या सुरक्षाविषयक उणिवा बुजविण्याचे काम त्या दिवसापासून थांबले आहे. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या घेण्याची सोय कंपनीने जाहीर केली होती. पण ती मुदतवाढच होय. इंटरनेटला जोडलेला आणि दुरुस्ती न होणारा संगणक म्हणजे कुलूप बिघडलेले दार. चोर आज येईल असे नाही, पण दार बंद आहे असेही म्हणता येत नाही.

यावर सरळ उपाय विंडोज ११ चा. तथापि, ही प्रणाली प्रत्येक संगणकावर बसत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेल प्रोसेसरच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा, प्रोसेसर लागतो. ग्रंथालयाने, शाळेने किंवा लहानशा पतसंस्थेने २०१५-१६ मध्ये घेतलेले संगणक या अटीत बसत नाहीत. त्यांचा पडदा चांगला आहे, कळफलक चांगला आहे, यंत्रही कुरकुरत नाही. केवळ प्रणालीची मुदत संपली म्हणून ते भंगारात काढावयाचे काय, असा प्रश्न अशा संस्थांपुढे उभा आहे. जुन्या यंत्रावर लिनक्स ही दुसरी प्रणाली बसविणे हा त्याला असलेला एक व्यवहार्य पर्याय आहे. तो स्वीकारताना कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, याची माहिती येथे दिली आहे.

मुक्त आणि मोफत

ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संचालन प्रणाली, हा संगणकाचा कारभारी होय. कळफलकावर दाबलेली कळ, पडद्यावर उमटणारे अक्षर, डिस्कवर साठविलेली फाइल आणि प्रिंटरकडे जाणारा कागद या सर्वांची व्यवस्था तोच पाहतो. विंडोज हा असा एक कारभारी. लिनक्स हा दुसरा.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आपल्या संगणकासाठी प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला आणि तो इतरांसाठी खुला केला. त्यापूर्वी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या नावाने मुक्त प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला होता. त्यांच्या चळवळीने अनेक साधने तयार केली होती. गाभा मात्र अपुरा होता. हे दोन प्रवाह एकत्र आले आणि पूर्ण प्रणाली उभी राहिली. स्टॉलमन यांना इंग्रजीत एक अडचण सतत सोसावी लागली: तेथे ‘स्वतंत्र’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द आहे. मराठीत ही अडचण नाही. लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे, म्हणजे तिची रचना कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो, दुसऱ्यास देऊ शकतो. ती बहुतेक वेळा मोफतही मिळते, पण तो तिच्या मुक्ततेचा परिणाम आहे.

लिनक्स हे नाव नवशिक्यास परके वाटले तरी तिच्याशी त्याचा संबंध जुना असतो. अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे. जी प्रणाली खिशातील फोन आणि महासंगणक दोन्ही चालविते, ती मधल्या टेबलावरच्या संगणकावर मात्र तुरळकच दिसते, ही एक गंमतच म्हणावयाची.

गाभा एक असला तरी त्याभोवती साधने, चित्रे, मेन्यू आणि कार्यक्रम जोडून निरनिराळ्या संस्थांनी आपापले संच तयार केले आहेत. त्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात. डेबियन हा १९९३ पासूनचा संच, उबुंटू २००४ चा, लिनक्स मिंट २००६ चा. प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅकने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ हा भारतीय भाषांचा विचार केलेला संच २००७ मध्ये प्रसिद्ध केला. संचांची ही संख्या पाहून नवशिक्या गोंधळतो आणि पुष्कळदा निवडीतच महिना घालवितो. तसे करण्याचे कारण नाही. विंडोज वापरलेल्या हाताला लिनक्स मिंट सर्वांत जवळचा वाटतो: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. यंत्रात ४ जीबी किंवा त्याहून कमी स्मृती असेल तर त्याच संचाची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. पुढील विवेचन मिंट डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

आधी कार्यक्रम, नंतर प्रणाली

प्रणाली बदलण्याचे प्रयत्न का फसतात, याचा विचार केला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. माणूस संगणकावर प्रणाली वापरीत नसतो. तो कार्यक्रम वापरीत असतो. ग्रंथपालास पुस्तकांचा तक्ता हवा असतो, मुख्याध्यापकास पत्राचा नमुना, दुकानदारास वस्तू व सेवा कराचा हिशेब. एका रविवारी प्रणाली आणि सर्व कार्यक्रम एकदम बदलले की सोमवारी सकाळी प्रत्येक काम अडते आणि दोष लिनक्सच्या माथी जातो.

जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ मध्ये आपले संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला. काम दहा वर्षे चालले आणि सुमारे पंधरा हजार संगणक नव्या प्रणालीवर गेले. तरीही बाहेरच्या कार्यालयांशी होणारी कागदपत्रांची देवाणघेवाण आणि विंडोजवरच चालणारे विशिष्ट कार्यक्रम यांच्या तक्रारी सुरूच राहिल्या. त्यात राजकीय मतभेदांची भर पडली आणि २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचे ठरविले. आपल्याकडे केरळचा अनुभव याहून वेगळा आहे. तेथे आयटी ॲट स्कूल हा शालेय संगणक शिक्षणाचा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढे तो मुक्त प्रणालीवर उभा करण्यात आला. हजारो शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले, पाठ्यपुस्तके त्याच कार्यक्रमांना धरून लिहिली गेली, मल्याळम लेखनाची सोय पाहिली गेली. २०१७ पासून हे काम ‘काइट’ ही सरकारी कंपनी पाहते आणि शाळांसाठी आपला स्वतंत्र लिनक्स संच तयार करते. या दोन उदाहरणांची तुलना ताणावयाची नाही, कारण शाळेत काम नव्याने सुरू होते आणि नगरपालिकेत ते आधीच रुळलेले असते. परंतु घरच्या एका संगणकालाही हीच गोष्ट लागू पडते: रुळलेले काम प्रथम मोकळे करावे लागते.

सुदैवाने त्यासाठी लिनक्सची गरज नाही. लिनक्सवर वापरावयाचे बहुतेक कार्यक्रम विंडोजवरही चालतात. लिब्रेऑफिस हा लेखन, तक्ते व सादरीकरणाचा संच, फायरफॉक्स हा ब्राउझर, थंडरबर्ड हा ईमेलचा कार्यक्रम, व्हीएलसी हा गाणी-चित्रफितींचा कार्यक्रम हे सर्व प्रथम विंडोजवरच बसवावेत आणि किमान महिनाभर त्यांवरच काम करावे. आउटलुकमधील जुनी पत्रे थंडरबर्डमध्ये घ्यावयाची तर तेही विंडोजवर असतानाच करावे. प्रणाली बदलल्यावर ते कितीतरी अवघड होते. महिन्याअखेर उरलेल्या अडचणी मोजक्या आणि स्पष्ट असतात. प्रणाली बदलेल त्या दिवशी मग मेन्यूचा रंग तेवढा नवा वाटतो.

काही कामे मात्र मोकळी होत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. टॅली हा हिशेबाचा कार्यक्रम विंडोजसाठीच तयार केला जातो. फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. वाइन नावाच्या साधनाने विंडोजचे काही कार्यक्रम लिनक्सवर चालविता येतात, पण कोणता कार्यक्रम किती चालेल याची हमी कोणी देत नाही आणि वर्षअखेरीचा ताळेबंद अशा भरवशावर सोडू नये. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनी त्या टोकनाचे लिनक्ससाठी चालक उपलब्ध आहेत काय, आणि ज्या संकेतस्थळावर स्वाक्षरी करावयाची ते विंडोजचाच आग्रह धरते काय, हे तपासावे. ज्याचे रोजचे काम टॅलीवर आहे त्याने लिनक्सकडे वळूच नये, असे म्हणावयास हरकत नाही. किंवा मग तेवढ्यासाठी एक विंडोज संगणक ठेवून बाकीचे बदलावेत.

लिब्रेऑफिस वर्डच्या आणि एक्सेलच्या फाइली उघडते, सुधारते आणि त्याच स्वरूपात परत साठविते. तरी दोन गोष्टींची कल्पना असावी. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून केलेली स्वयंचलित गणिते तेथे जशीच्या तशी चालतील असे नाही. दुसरे असे, की विंडोजमधील कॅलिब्री व कॅम्ब्रिया हे टंक लिनक्सबरोबर येत नाहीत. त्यांच्याच मापाचे कार्लिटो व कॅलाडिया हे मुक्त टंक बसविले तर इंग्रजी मजकुराची पाने सरकत नाहीत. अंतिम झालेला कागद दुसऱ्यास पाठविताना पीडीएफ करून पाठवावा, म्हणजे पलीकडे कोणती प्रणाली आहे हा प्रश्नच राहत नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न

मराठी वापरणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते, आणि इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत याचा उल्लेखही नसतो.

युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि छपाईच्या व्यवसायात त्यानंतरही दीर्घकाळ, मराठी मजकूर विशिष्ट टंकांत लिहिला जाई. श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकच्या आयएसएममधील टंक ही नावे प्रत्येक मुद्रकास ठाऊक आहेत. या टंकांची युक्ती अशी होती, की संगणकाच्या दृष्टीने फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे संकेत असत आणि टंक त्या जागी मराठी आकार दाखवी. टंक आहे तोवर मराठी दिसते. टंक काढला की उरते इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग. वीस-वीस वर्षांचे इतिवृत्त, दिवाळी अंकांचे मजकूर, ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्या, कित्येकांची अप्रकाशित पुस्तके अशा फाइलींत पडून आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधील आहे. त्यात जुळविलेला मजकूर आजही अनेक छापखान्यांत जपून ठेवलेला आढळतो. नव्या प्रणालीवर अशी फाइल प्रथमच उघडली आणि पडद्यावर अगम्य चिन्हे आली, की माणसाला फाइल खराब झाली असे वाटते. ती खराब झालेली नसते. तिला तिचा टंक सापडत नाही, एवढेच.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कोणत्याही टंकावर अवलंबून नाही. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे हाच टिकाऊ मार्ग, आणि तो विंडोज हाताशी असतानाच चोखाळावा. कारण जुना टंक, जुना कार्यक्रम आणि रूपांतर करणारी साधने तेथे एकत्र असतात. रूपांतरानंतर मजकूर वाचून पाहणे अपरिहार्य आहे. ‘आर्थिक’ हा शब्द घ्या. जुन्या टंकात तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठविलेला असतो: आ, मग पहिली वेलांटी, मग थ, त्यावर रफार, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. म्हणजे रूपांतरकाला वेलांटी मागे न्यावी लागते आणि रफार पुढे आणावा लागतो. रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर आली, की साधने चुकतात. जोडाक्षरांतही असेच होते. शंभर पानांचे हस्तलिखित डोळे मिटून रूपांतरित करून मूळ फाइल पुसून टाकणे, यासारखे दुसरे नुकसान नाही. मूळ फाइल, तिचा टंक आणि त्याच मजकुराची एक पीडीएफ प्रत अशा तिन्ही गोष्टी ठेवाव्यात.

नव्या लेखनाची सोय लिनक्सवर चांगली आहे. कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट रचना मिळते. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली ही रचना स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला देते. विंडोजवर इन्स्क्रिप्ट शिकलेल्यास लिनक्सवर नवे काही शिकावे लागत नाही. ‘ल’ च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ळ’. ‘र’ च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ऱ’. ‘दऱ्याखोऱ्या’ लिहिताना हा नुक्त्याचा ‘ऱ’, त्यापुढे हलन्त आणि ‘य’ अशा कळा दाबावयाच्या. साधा ‘र’ वापरला तर ‘दऱ्याखोर्‍या’ऐवजी रफार चढतो आणि अर्थ बदलतो. इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी आयबस नावाच्या साधनात तशाही रचना आहेत, मात्र त्यांचे नियम गूगलच्या साधनापेक्षा थोडे वेगळे पडतात. जुन्या टंकलेखन यंत्राच्या रचनेवर हात बसलेल्यांची अडचण अधिक आहे. त्यांनी आपली नेमकी रचना नव्या प्रणालीवर मिळते की नाही हे प्रत्यक्ष टंकून पाहिल्याविना पुढे जाऊ नये.

टंकांची मात्र वाण नाही. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त केलेले लोहित टंक, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे टंक, गूगलचे नोटो टंक हे सर्व विनामूल्य वापरता येतात. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे; ते जसेच्या तसे हवे असेल तर टिरो देवनागरी मराठी हा खास मराठीसाठी केलेला टंक बसवावा. पुस्तकाच्या मजकुरासाठी तो शोभतो.

एक किरकोळ वाटणारी पण हमखास छळणारी बाब: कळफलक मराठीवर असताना पासवर्ड टंकला तर तो चुकीचाच ठरतो, आणि पासवर्ड ठिपक्यांत दिसत असल्याने चूक लक्षात येत नाही.

न बसविता पाहणे

लिनक्सची एक सोय अशी, की ती डिस्कवर न बसविता चालवून पाहता येते. मिंटच्या संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून घ्यावी, तेथे दिलेल्या पडताळणी क्रमांकाशी ती जुळते हे पाहावे आणि रूफस किंवा एचर या विनामूल्य कार्यक्रमाने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. पेन ड्राइव्हवर पूर्वी असलेला मजकूर यात पुसला जातो. संगणक सुरू होताना डेल व लेनोव्हो यंत्रांवर सामान्यतः एफ-१२, एचपीवर एफ-९ ही कळ दाबली की कोठून सुरुवात करावयाची याची यादी येते. तेथे पेन ड्राइव्ह निवडावा. काही मिनिटांत मिंटचा पडदा दिसू लागतो आणि संगणकाच्या डिस्कला धक्काही लागलेला नसतो.

या अवस्थेत वाय-फाय जोडून पाहावे, आवाज ऐकावा, कॅमेरा लावावा आणि प्रिंटरवर एक पान छापून पाहावे. एचपीचे बरेच प्रिंटर सहज ओळखले जातात. कॅननचे काही जुने लेसर प्रिंटर, जे आपल्याकडील कार्यालयांत फार दिसतात, लिनक्सवर पुष्कळ त्रास देतात. एखाद्या संस्थेचा निर्णय एकट्या प्रिंटरवरही अवलंबून राहू शकतो. काही वाय-फाय चिपांना वेगळे चालक लागतात व ते प्रणाली बसविल्यानंतर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून मिळतात. पेन ड्राइव्हवरून चालताना प्रणाली मंद वाटते, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये. यंत्र जुने असेल तर फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्याने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेही पडत नाही, आणि तो खर्च नव्या संगणकाच्या मानाने फारच थोडा आहे. फारच जुन्या ३२ बिटी यंत्रांचा आधार मात्र मिंट व उबुंटूच्या मुख्य आवृत्त्यांनी सोडून दिला आहे.

बसविताना

सर्वांत मोठे नुकसान या टप्प्यावर होते आणि ते एका गैरसमजातून होते. आपल्याकडे महत्त्वाच्या फाइली डी ड्राइव्हवर ठेवण्याची पद्धत आहे. विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्ह पुसला जातो आणि डी सुरक्षित राहतो, असा अनुभव असतो. लिनक्स बसविताना ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडला तर सी आणि डी दोन्ही जातात, कारण तो पर्याय संपूर्ण डिस्कविषयी बोलतो. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात आणि मग ती काढून कपाटात ठेवावी. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली आणि ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड या दोन गोष्टी हटकून विसरल्या जातात.

पहिल्यांदा बसविणाऱ्याने विंडोज काढून न टाकता शेजारी लिनक्स बसवावी. त्यासाठी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सुमारे १०० जीबी जागा मोकळी करावी. बिटलॉकर किंवा यंत्राचे एन्क्रिप्शन सुरू असेल तर ते आधी बंद करावे, निदान त्याची पुनर्प्राप्ती कळ कागदावर उतरवून ठेवावी. ती नसेल तर विंडोजमधील मजकूर कायमचा अडकू शकतो. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावे. त्यानंतर संगणक सुरू करताना दोन्ही प्रणालींची नावे येतात आणि हवी ती निवडता येते. या व्यवस्थेत काही वेळा विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. संगणकात बिघाड नसतो. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लिनक्समध्ये एक आज्ञा देऊन हा फरक मिटविता येतो.

पहिले काही आठवडे

नव्या प्रणालीत सी किंवा डी ड्राइव्ह शोधू नये. प्रत्येक वापरणाऱ्याचे ‘होम’ नावाचे एक घर असते आणि त्याचे सर्व फोल्डर त्यात असतात. विंडोजचे विभाग व पेन ड्राइव्ह डाव्या बाजूच्या यादीत दिसतात आणि त्यांवरील फाइली वाचता येतात. फाइलच्या इंग्रजी नावात मोठी व लहान लिपी वेगळी मानली जाते, म्हणून एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी दिसल्या तर चकित होऊ नये.

इंटरनेटवरून सेटअप फाइल उतरवून कार्यक्रम बसविण्याची सवय येथे सोडावी लागते. तशा फाइली लिनक्सवर चालतही नाहीत. हवा तो कार्यक्रम ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मध्ये शोधावयाचा आणि तेथूनच बसवावयाचा. प्रणालीत बदल करणारे प्रत्येक काम पासवर्ड मागते. तो मागितला गेला की, आपण खरोखर काही बसवीत आहोत काय, एवढा विचार करावा. लिनक्सवर विषाणूंचा उपद्रव कमी असतो. परंतु बँकेच्या नावाने आलेला खोटा दुवा कोणत्याही प्रणालीवर तितकाच घातक आहे.

काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची धास्ती अनेकांना असते. रोजच्या कामासाठी तिची गरज पडत नाही. अडचण आली की कोणीतरी एखादी आज्ञा सुचवितो आणि ती लगेच वापरण्याचा मोह होतो. जी आज्ञा कळत नाही आणि ‘सुडो’ या शब्दाने सुरू होते, ती तशीच टंकू नये, कारण त्या शब्दाने संगणकाचे सर्वाधिकार दिले जातात. मिंटमधील टाइमशिफ्ट हे साधन पहिल्याच दिवशी सुरू करावे. ते प्रणालीची स्थिती ठरावीक काळाने नोंदवून ठेवते आणि काही बिघडल्यास मागच्या स्थितीस नेते. मात्र स्वतःच्या फाइलींची प्रत ते सामान्यतः घेत नाही; तिची व्यवस्था वेगळी करावी लागते.

२०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ या मालिकेस २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. त्यापुढील आवृत्तीकडे जाण्यास पैसे पडत नाहीत. शेजारी ठेवलेली विंडोज तीन-चार महिने उघडावीच लागली नाही, असे आढळले तर तिचा विभाग मोकळा करून घेता येतो. उघडावी लागलीच, तर कोणत्या कामासाठी, याची नोंद ठेवावी. ते एखादे जुने श्रीलिपीतील इतिवृत्त असेल तर ते त्याच बैठकीत युनिकोडमध्ये बदलून, वाचून, नव्या प्रणालीत आणावे.